दुसरं खातं

पासवर्ड फाइलमध्ये उघडाच लिहिलेला होता. तिसाव्या ओळीवर, साध्या अक्षरांत, येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाचावा असा.

"सर, हे तुम्ही केलंत?" तिनं विचारलं.

वेधशाळेच्या संगणक विभागात ती अकरा वर्षं सरांच्या हाताखाली होती. पासवर्डची चिठ्ठी टेबलाला चिकटवून ठेवणाऱ्या एका माणसाला त्यांनी सगळ्यांदेखत झाडलं होतं, ते तिला आठवत होतं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ते मेल अजून काळ्या पडद्यावरच वाचत. चित्रं नाहीत, माउस नाही, नुसती अक्षरं. तो प्रोग्रॅम सेटिंगच्या एका फाइलवर चालायचा, आणि सरांनी पासवर्ड त्या फाइलमध्येच टाकून ठेवला होता.

"घरात दोघंच, म्हणून चालून गेलं," ते म्हणाले. "आता हिनं कंप्युटरचा क्लास लावलाय. मी फिरायला गेलो की इथे बसते."

काकू स्वयंपाकघरात भांडी विसळत होत्या. नळ बंद झाला तसे सर थांबले. पुन्हा सुरू झाल्यावर म्हणाले, "कर काय ते."

तिनं काय करायचं ते सांगितलं. पासवर्ड वेगळ्या फाइलमध्ये जाईल. त्या फाइलला परवलीच्या एका वाक्याचं कुलूप लागेल. प्रोग्रॅम गरज पडेल तेव्हा ते वाक्य विचारेल, आत जाईल आणि दहा मिनिटांनी सगळं विसरेल. हे सगळं सरांनीच तिला कधीकाळी शिकवलं होतं. ते नव्यानं ऐकावं तसे ऐकत राहिले.

मग ती फाइल खाली सरकवत गेली. खाली आणखी एक खातं होतं. सरांच्या मुलाच्या नावाचं.

मुलगा जहाजावर इंजिनिअर होता. जहाजावर फोन लागत नाही, म्हणून दर रविवारी त्याचं पत्र काकूंच्या मोबाइलवर मेलनं यायचं. काकू चष्मा लावून ते मोठ्यानं वाचायच्या. आज ती आल्या आल्याच काकूंनी तिला सांगितलं होतं, की तो आता दक्षिणेकडे आहे, थंडी फार आहे, आणि इतक्यात काही सुट्टी मिळत नाही.

मुलाचा पासवर्ड वडिलांकडे असतो कधी कधी, असं तिला वाटलं. पण हे नुसतं मेल वाचण्यापुरतं नव्हतं. खाली पत्र पाठवण्याचीही व्यवस्था केलेली होती, आणि पाठवणाऱ्याच्या जागी मुलाचं नाव होतं. ह्याच टेबलावरून.

तिची बोटं कीबोर्डवर थांबली.

"चौदा महिने झाले," सर म्हणाले. हवामानाचा आकडा सांगावा तसं. "डेकवरून पडला. सापडला नाही."

तिनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"संध्याकाळी कंपनीचा फोन आला तेव्हा ही समोर शेंगा सोलत बसली होती. मला तोंड उघडवेना. रविवारी सांगू म्हटलं. रविवारी पत्रच लिहिलं."

ती कामाला लागली. जुने पासवर्ड इतके दिवस उघडे पडले होते, ते दोन्ही तिनं बदलून घेतले. नवे कुलपात घातले. एडिटर प्रोग्रॅमनं आपणहून ठेवलेली फाइलची जुनी प्रत शोधून पुसली. पाठवलेल्या पत्रांच्या प्रती न वाचताच आत टाकल्या. साठ-बासष्ट होत्या.

परवलीचं वाक्य सरांनी टाइप केलं तेव्हा तिनं तोंड फिरवलं. एकेक कळ शोधल्यासारखी वाजत होती. ते दोनदा चुकले.

"कागदावर लिहायचं नाही, सर. आणि विसरलात तर मलासुद्धा उघडता येणार नाही."

"माहीत आहे," सर म्हणाले.

निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या. ओले हात पदराला पुसत त्यांनी काम नीट झालं का ते विचारलं. झालं, असं ती म्हणाली.

"म्हणजे आता मला काही ते उघडता येणार नाही."

"कुणालाच नाही, काकू. सरांना एक वाक्य पाठ आहे, त्याच्याशिवाय." हे सांगताना तिनं चपला घालायला खाली बघितलं.

"आणि हे ते वाक्य विसरले तर? परवा आपलाच मजला विसरून वर गेले होते."

"मग मेल वाचता येणार नाही."

"वाचायचं राहू दे," काकू म्हणाल्या. "लिहिता येईल का?"

तिनं कठडा धरला.

काकूंनी मागचं दार हळूच ओढून घेतलं. "ते वाक्य कसंही करून काढून घे आणि तुझ्यापाशी ठेव. एखाद्या रविवारी पत्र चुकलं तर ह्यांना मला खरं काय ते सांगावं लागेल. ते त्यांना झेपायचं नाही."

"काकू, तुम्हाला कधीपासून..."

"कंपनीचा फोन आधी दुपारी आला होता, मीच घेतला. म्हटलं, संध्याकाळी करा, तेव्हा हे घरी असतात."