दोन्हीकडे उतार

मीटरवर अंतर होतं अकरा किलोमीटर आणि पायडलचे फेरे शून्य.

वेदिकाने बटण दाबून पुन्हा पाहिलं. हँडलवरच्या मीटरपासून एक वायर पुढच्या चाकाकडे गेली होती, दुसरी पायडलकडे. दोन्ही धड होत्या. "नुसतं अंतराचं घ्या की ताई, पायडल मोजणारं शर्यतवाले नेतात," असं दुकानदार म्हणाला होता. त्याने तिच्या वडिलांना, सावळीरामअप्पांना, पाहिलं नव्हतं.

"अप्पा, पायडल न मारता सोमेश्वरला गेलात?"

"उतार लागला."

"आणि येताना?"

अप्पांनी थोडा विचार केला. "येतानाही."

वेदिका मटकन पायरीवर बसली. रोज सायकल चालवून अप्पांची शुगर उतरली नाही तर पायाचा अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि सातपूरच्या कंपनीत न आलेल्या दोस्तांची कार्डं पंच करण्यात ज्यांची उभी नोकरी गेली, ते अप्पा रिटायर झाल्यावर स्वतःचीच खोटी हजेरी लावत होते.

"उद्यापासून मला दोन्ही आकडे पाहिजेत," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही आकडे यायला लागले. अंतर चोख, मिनिटाला सत्तर फेरे, आणि अप्पा घामाने निथळत घरी. महिन्याने रिपोर्ट आला. शुगर चांगलीच खाली. वेदिकाला इतका आनंद झाला की ती तशीच अप्पांसाठी पेढे आणायला निघाली. अर्ध्या वाटेत भानावर आली आणि जिथे थबकली तिथे बहिरूची मिसळीची टपरी होती.

टपरीमागे अप्पांची सायकल उलटी उभी होती, चाकं आभाळाकडे. शेजारी स्टुलावर अप्पा. उजव्या हाताने पायडल गरागरा फिरवत होते, डाव्या हाताने पुढचं चाक. बनियन चिंब, तोंडाला फेस यायचा बाकी. पुढ्यात मिसळ होती. तर्री थिजून गेलेली.

वेदिकाने बहिरूकडे पाहिलं.

"आधी एका हाताचं काम व्हतं, तवर खायचे," बहिरू हळहळत म्हणाला. "आता दोन्ही हात गुतले ना, ताई. महिना झाला, रोज मागवत्यात, रोज गार व्हती."

"अप्पा!"

अप्पा दचकले, पण हात थांबले नाहीत. "बोलू नको. दोन किलोमीटर राहिलेत."

"अहो, त्यापेक्षा सरळ करून सायकलवर बसला असतात तर?"

आता मात्र अप्पांचे हात थांबले. पोरीचं डोकं फिरलंय की काय, अशा नजरेने ते तिच्याकडे बघत राहिले.

"मग मिसळ कधी खाऊ?"

बहिरू गार प्लेट उचलायला वाकला. वेदिकाने त्याला अडवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "समोरच असू दे त्यांच्या."