टँकरनंतरची नोंद

शुक्रवारी सकाळी सव्वाअकराला भूजल सर्वेक्षकाने गावच्या विहिरीत टेप सोडली. आठ फूट पाणी लागलं. आकडा मोबाइलवरून कार्यालयात गेला. बारा वाड्यांचे टँकर याच एका विहिरीच्या पातळीवर ठरत.

“साहेब, हे झऱ्याचं न्हाई, टँकरचं पाणी हाय. आत्ताच ओतून गेला,” सरपंच कौतिकाबाई म्हणाल्या. “आमचंच पाणी मोजून आमचाच टँकर बंद करता व्हय?”

आठवड्यातली ही त्याची एकतिसावी विहीर होती. तो काठावर बसला. “उपसा. मी थांबतो.”

तीन वाजता तळाचा चिखल दिसला. एका विहिरीची एकच नोंद चालते म्हणून मोबाइलने दुसरी घेतली नाही. पहिला आकडा बदलायला कार्यालयाने फोनवर लेखी अर्ज मागितला. त्याने तिथेच बसून लिहिला.

सोमवार दुपारपर्यंत अर्जाला उत्तर नाही. टँकरही आलेला नाही.