परग्रहावरची भाषा

"मला तर शेवटच्या अर्ध्या तासात झोपच लागली," तिसऱ्या रांगेतले एक टक्कलवाले गृहस्थ माइकमध्ये म्हणाले आणि सभागृह हसलं.

रविवारी सकाळचा खेळ नुकताच संपला होता. दिवे लागले होते. पडद्यापुढे मांडलेल्या दोन खुर्च्यांवर दिग्दर्शक आणि ध्वनिसंयोजक बसले होते आणि माइक प्रेक्षकांतून फिरत होता. त्या ध्वनिसंयोजकाला एक सख्खी थोरली बहीण होती. ती सातव्या रांगेत अगदी कडेला बसली होती. आपण येणार हे तिनं त्याला कळवलं नव्हतं.

मतं दोन्ही बाजूंची येत होती. कुणाला ते यान पत्र्याच्या टाकीसारखं वाटलं. कुणी म्हणालं, असा चित्रपट आपल्याकडे झालाच नव्हता. चष्मा लावलेल्या एका शिक्षिकेच्या डोक्यावरून कथा गेली होती, पण परग्रहावरून आलेला तो एकटा जीव मरताना बोलतो, तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता.

"तो माफी मागतो," शिक्षिका म्हणाली.

"छे हो, शाप देतो," शेजारचा म्हणाला.

"काही म्हणत नाही तो. कॉम्प्युटरमधून काढलेली गुरगुर आहे नुसती," मागून एक तरुण म्हणाला आणि त्यानं नक्कलच करून दाखवली. "ब्लाऽ ग्ना... ग्ना मोऽ." नक्कल बरी जमली होती. लोक पोट धरून हसले.

कडेला बसलेल्या थोरलीनं पर्सचा पट्टा मुठीत आवळला. हसून घ्या, ती मनात म्हणाली. थोड्या वेळानं माझ्या या भावाच्याच तोंडावर थुंकाल.

तो आवाज कुठल्या कॉम्प्युटरचा नव्हता. तो आईचा होता. अर्धांगाच्या झटक्यात आईची उजवी बाजू गेली, तशी वाचाही गेली. उरले ते एवढेच चार-पाच आवाज. अकरा महिने आई थोरलीच्या घरी अंथरुणावर होती. दिवसभर कोर्टात लघुलेखकाची नोकरी करायची आणि घरी येऊन आईचं अंग पुसायचं, कूस बदलायची, पातळ केलेलं अन्न चमच्यानं भरवायचं. भाऊ यायचा फक्त रविवारी. उशाशी स्टूल ओढायचा आणि आईच्या तोंडाशी रेकॉर्डर धरायचा. "आठवण म्हणून असू दे, ताई," म्हणायचा. भरवायला मात्र त्याचा हात कधी पुढे आला नाही.

आई गेली. त्यानंतर दीड वर्षानं एका संध्याकाळी बसथांब्यावर तिनं फोनवर या चित्रपटाची जाहिरात पाहिली. बिनपापण्यांच्या, शेवाळी रंगाच्या एका तोंडातून आई बोलली. समोरून तिची बस निघून गेली तरी ती जागची हलली नाही.

मग वर्तमानपत्रांत भावाचं कौतुक छापून आलं. यानं म्हणे शून्यातून एक नवी भाषा घडवली. तिनं त्याचे फोन घेणं बंद केलं. घरात भांडून त्याला स्वस्तात सोडायचं नव्हतं. त्याची लाज काढायची तर चारचौघांत काढायची होती.

तिनं हात वर केला. माइक तिच्यापर्यंत आला तेव्हा भावानं तिला पाहिलं आणि तो खुर्चीतून अर्धवट उठला.

"ही भाषा यांनी घडवलेली नाही," ती म्हणाली. तिचा आवाज जराही कापला नाही. "हा आमच्या आईचा आवाज आहे. तिची वाचा गेली होती. मरणाच्या दारात ती बोलायची धडपड करत होती, आणि या पोटच्या मुलानं ते रेकॉर्ड करून त्या ध्यानाच्या तोंडी घातलं. हसा आता."

कुणी हसलं नाही. नक्कल करणाऱ्यानं मान खाली घातली. दिग्दर्शक भावाकडे वळला. "खरं आहे हे?"

भावानं होकारार्थी मान हलवली.

"शोभतं का हो हे तुम्हाला," एक बाई मोठ्यानं म्हणाली. दोघं-तिघं उठून चालते झाले. भावाचे कान लाल झाले होते, लहानपणी लबाडी उघडी पडली की व्हायचे तसे. ती एकटक बघत राहिली. एवढ्या महिन्यांनी तिचा जीव थंड झाला.

तेवढ्यात ती चष्म्याची शिक्षिका उभी राहिली. "माफ करा हं, पण तुम्ही तर त्यांच्याजवळ होतात," ती हळुवारपणे म्हणाली. "त्या काय म्हणत होत्या?"

प्रश्नात खोच नव्हती. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. सगळं सभागृह मान वळवून थोरलीकडे बघू लागलं.

तिनं तोंड उघडलं. ते आवाज तिनं रोज ऐकले होते. आई डाव्या हातानं तिचं मनगट धरून तेच ते पुन्हा पुन्हा सांगायची, डोळ्यांत पाणी येईपर्यंत सांगायची. आणि ती म्हणायची, "हो आई, कळलं." मग मनगट सोडवून घ्यायची, पांघरूण सारखं करायची आणि पुढच्या कामाला लागायची. कळलं मात्र एकदाही नव्हतं.

"त्याला विचारा," ती अखेर म्हणाली. "रेकॉर्ड त्यानं केलंय."

भावानं माइक उचलला आणि तसाच मांडीवर ठेवला. तो फक्त तिच्याशीच बोलला, पण त्या शांततेत शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"मी अजून रोज लावून ऐकतो, ताई. मलाही नाही कळलं. म्हटलं, एवढ्या लोकांना ऐकवावं, एखाद्याला तरी कळेल."