होडीची डावी बाजू

मिसूरी नदीच्या धारेविरुद्ध वल्हवून हिरामचे खांदे भरून आले होते. पश्चिमेचा अनोळखी मुलूख शोधायला निघालेल्या त्या तुकडीच्या होडीत वल्हेकरी सहा होते, पण वल्हवत होते पाचच. सहावा ओबेड आठ दिवस पोटदुखीने होडीच्या डाव्या बाजूला कांबळं पांघरून पडला होता.

"याला पुढच्या वस्तीत सोडून जाऊ, कॅप्टन," हिराम म्हणाला. "किती दिवस हे ओझं वाहायचं?"

ओबेडने डोळे उघडले. "मी आहे म्हणून होडी सरळ चाललीय, लेका," तो कसंबसं हसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओबेड गेला. काठावरच्या टेकाडावर त्याला पुरलं. कांबळं तेवढं काढून घेतलं, कारण पुढे थंडीचे दिवस होते आणि पांघरुणं कमी.

होडी निघाली ती उजवीकडे कलतच. सगळं सामान ओबेडचं वजन धरून लावलेलं होतं.

"सामान उतरवत बसायला वेळ नाही," कॅप्टन म्हणाला. "डावीकडे दगड भरा."

हिरामने काठावरून दगड आणले आणि ओबेड पडायचा तिथे एकेक रचत गेला. फार लागले नाहीत. चौथ्या दगडालाच होडी सरळ झाली.

दुपारी गार पाऊस लागला. हिरामने वल्हं बाजूला ठेवलं, घडी घातलेलं कांबळं उलगडलं आणि दगडांवर पांघरून त्याच्या कडा नीट खोचल्या. मग तो भिजत वल्हवू लागला.