कागदावरचे चौकोन

वास आधी व्हर्नालाच आला. तिनं रुमाल नाकाला लावला आणि खुर्ची भिंतीकडे सरकवली. तिची सात वर्षांची नात टेसा दुसऱ्या खुर्चीच्या हातावर पोट दाबून पालथी लोंबकळत होती आणि एका सुरात हुंकारत होती. ओमाहा शहरातल्या या दवाखान्यात यायला तीन तास लागले होते, आणि तेवढ्यात पोरीचे कपडे दोनदा बदलावे लागले होते. व्हर्नाला नुसती शिसारी आली होती.

“मॉम, रुमाल काढ. तिला कळतं,” तिची लेक कोलीन म्हणाली.

“कळतं तर चड्डीत कशाला करते? लाडावून ठेवलीयस!”

समोरची आनुवंशिक आजारांची तज्ज्ञ बाई कागदावर घराण्याची आकृती काढत होती. बाईला वर्तुळ, पुरुषाला चौकोन. “ऑटिझम आणि पोटाचा त्रास, काही घरांत दोन्हींचं मूळ एकाच जनुकात निघतं,” ती म्हणाली. “आधीच्या पिढीत असं कोणी असेल, तर कुठं शोधायचं ते कळेल. नाहीतर आपण चाचपडत राहायचं आणि हिनं सोसत राहायचं.”

“जावयाच्या घरी विचारा. आमच्याकडं असली घाण नव्हती,” व्हर्ना फणकारली. “मी एकुलती एक.”

बाईनं व्हर्नाच्या वर्तुळाशी रेघ थांबवली. “आणि हे लाड नव्हेत. ज्यांना बोलता येत नाही अशी मुलं पोटात कळ आली की असंच करतात. मिळेल त्यावर पोट रेटतात. टेबल म्हणा, कठडा म्हणा...”

“कुंपण,” व्हर्ना पुटपुटली.

मक्याच्या शेताचं लाकडी कुंपण. त्यावर पोट रेटून एमिल दिवसदिवस हुंकारायचा. मुद्दाम करतो मेला, असं म्हणत आई त्याला अंगणात उभा करून रबरी नळीनं धुवायची, नोव्हेंबरच्या थंडीतसुद्धा. नवव्या वर्षी त्याला मतिमंद मुलांच्या संस्थेत टाकलं. पुढं त्या घरात कोणी त्याचं नाव काढलं नाही.

आता व्हर्नाला किळस आली ती स्वतःची. रुमाल मुठीत चुरगळून गेला.

“मॉम? काय झालं?”

तिनं बाईच्या हातातलं पेन घेतलं आणि आपल्या वर्तुळाशेजारी वेडावाकडा चौकोन काढला.

“हा एमिल. माझा धाकटा भाऊ. त्याला दुखत होतं,” ती म्हणाली, “आणि पाण्याची तोटी मी सोडायचे. नाक धरून, हसत.”