वळणावरचा चिखल

“भरलेली गाडी किती टनांची?” दुकानदाराने विचारलं.

“सोळा,” मावशी म्हणाली. “मागची चाकं रुततात. खाली काळी माती आहे. पाय घातला तर चप्पल तिथेच राहते.”

दुकानदाराने तिच्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. ट्रक चिखलातून काढायचं सामान घ्यायला त्याच्याकडे ड्रायव्हर येत, मालक येत. साठी उलटलेली बाई आज पहिल्यांदाच आली होती.

“गाडी तुमची?”

“मालकाची. चालवतो माझा मुलगा.”

त्याने साखळी काढली, तारेचा दोर काढला, मग ओढायचे दोन पट्टे काउंटरवर टाकले. मावशीने एक पट्टा उलटा केला आणि त्याच्या टोकाची शिवण नखाने दाबली. ट्रकच्या ताडपत्र्या शिवण्यात तिचा जन्म गेला होता.

“हा दोन ओढीत उसवेल.”

“मावशी, कंपनीचा माल आहे.”

“असेल. टाके मोज.”

त्याने मोजले. तो पट्टा परत खोक्यात ठेवला.

“मुलगा एकटाच असतो गाडीवर?”

“एकटाच.”

“मग पट्ट्याचं काय लोणचं घालणार? ओढायला समोर दुसरी गाडी नको?” त्याने दातेरी फळ्यांची जोडी उभी केली. “या न्या. चाकाखाली सारायच्या, हळू गिअर टाकायचा. एकटा माणूस अर्ध्या तासात बाहेर.”

“अर्ध्या तासात?” मावशीचा चेहरा उतरला.

दुकानदाराला वाटलं, बाईला वेळ फार वाटतोय. “नीट जमलं तर दहा मिनिटांत,” तो घाईने म्हणाला.

दहा मिनिटं. आणि तिला आजवर दर वेळी दोन दिवस मिळत होते.

तिचं घर रस्त्याच्या वळणाला लागून होतं. मुलगा पंधरा दिवसांनी तिथून जायचा. आधी नुसता हॉर्न वाजवून पुढे जाई, कारण मालक सुट्टीचं नाव काढू देत नसे. ती हातातली सुई तशीच टाकून दारात येईपर्यंत फक्त धूळ उरलेली असे. मग गेल्या वर्षापासून पाण्याच्या पाटाचं दार कुणीतरी उघडं टाकू लागलं आणि वळणावर चिखल व्हायला लागला. ट्रक फसायचा. मुलगा मालकाला फोटो पाठवायचा, मालक कपाळावर हात मारून गप्प बसायचा, आणि शेजारच्या मळ्यातला ट्रॅक्टर मोकळा होईपर्यंत मुलगा आईच्या घरी असायचा.

“काय करणार, फसलो,” एवढंच तो म्हणायचा. पोटातलं ओठावर आणायचं त्याला लहानपणापासून वावडं होतं. पण दोन वेळा जेवायचा, तिच्या मशीनला तेल घालायचा, ताडपत्रीच्या ढिगावर आडवा होऊन घोरायचा. ते घोरणं ऐकत ती शिवत बसायची. पाणी सोडणाऱ्या त्या माणसाला ती चारचौघांत शिव्या घालायची आणि मनातून दुवा द्यायची.

मागच्या खेपेला मात्र मुलाचे तळहात सोललेले दिसले. “चिखल उपसून,” तो म्हणाला आणि हात मागे घेतला. आपल्या सुखासाठी पोराने हात सोलून घ्यायचे, आणि आपण पुढच्या चिखलाची वाट बघायची? आई म्हणवायची लाज वाटली तिला.

“यातलं लवकर मोडतं ते कोणतं?” तिने अचानक विचारलं.

“ते कशाला?”

“कळलेलं बरं.”

त्याने कोपऱ्यातल्या पिवळ्या फळ्या दाखवल्या. “या. पहिल्याच जोराला तडा जातो. कशा घेतात लोक, देव जाणे.”

मावशीने पिवळी फळी हातात घेतली. हलकी होती. हीच नेली असती तर तिला कुणी बोललं नसतं. म्हातारीला काय कळतंय, म्हणाले असते. मग तिने ती जागेवर ठेवली.

“ती दातेरी जोडी दे बाबा. आणि चांगल्या शिवणीचा पट्टाही दे. वाटेत कुणी ओढणारा भेटलाच तर असू दे.”

पुढच्या फेरीला तिने आधीच रस्त्यावर उभं राहून मुलाची गाडी थांबवली आणि सगळं त्याच्यापुढे ठेवलं. त्याने फळीच्या दात्यांवरून अंगठा फिरवला.

“आता अडकून पडायला नको तुला,” ती म्हणाली.

“हं,” तो म्हणाला. सामान उचलून गाडीत टाकलं. जाताना हॉर्नसुद्धा वाजवायला विसरला.

परतीला तो गुरुवारी यायचा होता. फळ्या होत्या खऱ्या, पण पोराने चिखलात उतरावंच कशाला? एकदा हे सुख सोडायचं तर पुरतं सोडावं. गुरुवारी भर दुपारी मावशी शिवण बाजूला सारून पाटाकडे निघाली. दार घट्ट लावायचं, आणि तो पाणी सोडणारा भेटलाच, तर त्याला हात जोडायचे. यापुढे आपल्या वाट्याला हॉर्न आणि धूळ, हे तिने वाटेतच मनाशी पक्कं केलं. डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले.

वळण अजून कोरडं होतं. पाटाच्या दाराशी मात्र एक माणूस पाठमोरा वाकून दार उचलायचं गंजलेलं चाक फिरवत होता, आणि पाणी नुकतंच रस्त्याकडे धावू लागलं होतं.

“अहो भाऊ,” ती लांबूनच म्हणाली, “पाया पडते तुमच्या. माझ्या मुलाची गाडी येईल आता. आज नका सोडू पाणी.”

माणसाचे हात थांबले.

“गाडी मागे झाडाखाली लावलीय, आई,” तो म्हणाला. “तू हो पुढे, चहा ठेव. वळण भिजलं की घालतो आत.”