मोकळी लाइन

"आता नेट चालू असतानाही फोन येणार," भिंतीवर पांढरी डबी बसवत लाइनमन सीताराम म्हणाला. "एंगेज लागायचा प्रश्नच नाही."

"एंगेज ठेवायचा असला तर?" नम्रताने विचारलं.

सीताराम हसला. "ताई, लोक उलटं विचारतात."

तिचे वडील बापूराव, घरच्यांचे अण्णा, खुर्चीत बसून मोडेमचं माहितीपत्रक पहिल्या ओळीपासून वाचत होते. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कागद तपासल्यावर ही सवय जाणार नव्हती. ब्रॉडबँडचा अर्ज त्यांनीच केला होता, लेकीला न सांगता. कॉम्प्युटरचा क्लास करायचाय म्हणून ती दोन महिन्यांपूर्वी सासरहून आली आणि लवकरच तिचं डायल-अप सकाळपासून चालू राहू लागलं. तेव्हापासून बिबवेवाडीतल्या या घरी कुणाचा फोन लागला नव्हता.

"तुझी मंदाकिनी आत्या म्हणत होती, तुमच्यापेक्षा अमेरिकेला लवकर लागतो," ते म्हणाले. "आता तुझा अभ्यास होईल आणि मीही जगात असेन."

नम्रताने घड्याळाकडे पाहिलं. चारला दहा मिनिटं होती.

चार वाजता औरंगाबादला तिच्या नवऱ्याच्या ऑफिसात चहा होतो. ती आली त्या पहिल्या आठवड्यात दत्तप्रसाद रोज त्याच वेळी फोन करायचा. आधी बापूरावांशी बोलायचा, त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायचा. आवाज कधी चढवायचा नाही. मग तिच्याशी बोलायचा, तेही त्याच आवाजात. शेवटच्या फोनवर म्हणाला होता, "अण्णांच्या तोंडून एकदा 'या' येऊ दे. मग मी न्यायला येतो. बाकीचं घरी गेल्यावर बघू."

अण्णा 'या' म्हणणार हे तिला ठाऊक होतं. जावयाला ते आजवर दुसरं काही म्हणालेच नव्हते. त्या दिवसापासून तिने फोन लागू दिला नाही. नेट जोडायचं आणि तसंच ठेवायचं. तिचा मोबाइल बंद करून कपाटात टाकलेला होता. अण्णांकडे मोबाइल नव्हता.

मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. कॉम्प्युटरवर पान झटक्यात उघडलं.

"बघा काका, काय स्पीड आहे," सीताराम म्हणाला.

फोन वाजला.

नम्रता उठली. फोनकडे न जाता ती दाराकडे गेली आणि तिने वरची कडी लावली.

फोन सीतारामनेच उचलला. "हां, ओके. एकदम क्लिअर." एक्स्चेंजमधल्या त्याच्या सहकाऱ्याने लाइन तपासायला फोन केला होता.

"फोन वाजला की दार लावावं," बापूराव मान वर न करता म्हणाले, "असं यात कुठे दिसत नाही."

"वारा येत होता."

मे महिना होता. पानही हलत नव्हतं. बापूरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि पत्रक मिटलं.

सीतारामने पक्कड उचलली, वायरचे तुकडे गोळा केले. फोन पुन्हा वाजला. या वेळी तो बापूरावांनी घेतला.

"बोला, दत्तप्रसादराव." त्यांचा चेहरा उजळला. "हो, एंगेजच असायचा. आता एंगेज नाही लागणार. ब्रॉडबँड घेतलं... आहे ना, इथेच आहे, थांबा..."

रिसीव्हर द्यायला ते वळले.

नम्रता वरची कडी चाचपून पाहत होती. मग तिने खालची लावली. मग चपलांच्या रॅकचं एक टोक उचललं, आवाज होऊ नये असं, आणि वीतभर पुढे ठेवलं. मग दुसरं टोक. करत करत तो रॅक तिने दाराला भिडवला आणि त्याला पाठ लावून उभी राहिली. औरंगाबाद सव्वादोनशे किलोमीटरवर होतं. सीताराम हातात पक्कड धरून तसाच थांबला होता.

"...मग या रविवारी येऊ का न्यायला, अण्णा?" रिसीव्हरमधला आवाज शांत होता, सभ्य होता. खोलीतल्या तिघांनाही तो ऐकू येत होता.

बापूरावांची नजर रॅकवरून दाराच्या कडीवर गेली.

"अण्णा? आपण म्हणाल तसं."

त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला. हळू ठेवला, ते नेहमी ठेवत तसाच. मग थोडा वेळ हात त्यावरच राहिला.

"सीताराम," ते म्हणाले, "नंबर बदलून हवा असेल तर अर्ज कुणाकडे द्यायचा?"

"फोनचा? अहो काका, जुना नंबर आहे. एकदा गेला की परत मिळायचा नाही."

नऊ वर्षं वाट पाहून मिळालेला नंबर होता. गावाकडच्या भाऊबंदांना तो पाठ होता. नम्रताच्या लग्नपत्रिकेवर, बापूरावांच्या नावाखाली, तोच छापला होता.

"साधा अर्ज चालेल?"

"चालतो. ऑफिसात द्यावा लागेल."

बापूरावांनी टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला, घडी नीट केली, समास सोडला. डाव्या बाजूला तारीख घातली. मध्ये लिहिलं, 'विषय: दूरध्वनी क्रमांक बदलून मिळणेबाबत.' अक्षर नेहमीसारखं आलं नाही.

फोन वाजू लागला. सवयीने सीतारामचा हात पुढे गेला.

"वाजू द्या," बापूराव म्हणाले.

तो वाजत राहिला. थांबला. पुन्हा वाजू लागला. नम्रता रॅकपासून हलली नव्हती. बापूराव दोन ओळी लिहून थांबले. पेन कागदावर टेकलेलंच होतं आणि तिथे शाईचा ठिपका पसरत होता.

"नम्रता," मान वर न करता त्यांनी विचारलं, "कारण काय लिहू?"